आधी घर विचारा

मैंदर्गीत घर बांधायला काढलेला माणूस माझ्या ऑफिसात येतो तेव्हा त्याच्याजवळ बहुधा दोन गोष्टी असतात. शर्टाच्या खिशात घडी घातलेली चिठ्ठी. तिच्यावर खोल्यांच्या लांबी-रुंदीचे आकडे, गावातल्या जाणत्या माणसाकडून आय, म्हणजे मापाचा शुभ-अशुभ हिशेब, काढून आणलेले. आणि मोबाइलमध्ये एका बंगल्याचा फोटो, पुण्या-हैदराबादकडच्या कुठल्यातरी नातेवाइकानं पाठवलेला. चिठ्ठी आणि मोबाइल टेबलावर शेजारी शेजारी ठेवून तो म्हणतो, “मॅडम, हे माप, हे एलिव्हेशन. थ्रीडी काढून द्या.” त्या चिठ्ठीच्या आणि फोटोच्या मध्ये त्याचं स्वतःचं घर कुठं आहे, हे शोधणं म्हणजे माझं काम. ते काम मी कॉम्प्युटरवर करते, आणि ते करताना मला कोणाकोणाची कशी मदत झाली ते लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

माझं माहेर सोलापूर. सिव्हिलचा डिप्लोमा तिथंच झाला. सासर मैंदर्गीचं. अक्कलकोटहून दुधनीकडे आणि पुढं गाणगापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. नगरपरिषद आहे, पण जगणं शेतीवरचं, तूर-ज्वारीचं. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळं घरात आणि कट्ट्यावर कानडी, कागदोपत्री मराठी. जुन्या गावात अजून दगड-मातीची माळवदं उभी आहेत. हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तेव्हा त्या घरांत दुपारी डोळा लागतो. नवी घरं सगळी आरसीसीची. वर स्लॅब, खाली फरशी. पूर्वी शहाबादी असायची, आता व्हिट्रिफाइड.

कॉलेजात आम्हांला ऑटोकॅड शिकवलं. १९८२ साली अमेरिकेत निघालेलं हे सॉफ्टवेअर आज आपल्याकडं तालुक्याच्या गावीही घरकामाच्या नकाशांचं मुख्य साधन आहे. परवानगीचा नकाशा त्यात सुबक होतो. पण रेघांचा तो नकाशा घरमालकाला वाचता येत नाही, आणि यात त्याचा काही कमीपणा नाही. आयुष्यभर जमीन नजरेनं मापणाऱ्या शेतकऱ्याला निळ्या-पांढऱ्या रेघांतून भिंतीची उंची दिसत नाही, एवढंच. म्हणून मी घराचं थ्रीडी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळले. आधी स्केचअप, मग स्वीट होम थ्रीडी. हे दुसरं एमान्युएल प्युबारे या फ्रेंच माणसानं २००६ साली लोकांपुढं ठेवलं, तेव्हापासून ते फुकट आहे. जुन्या लॅपटॉपवर चालतं, इंटरनेट नसलं तरी चालतं. लाईट गेल्यावर मोबाइलच्या नेटवर दिवस काढणाऱ्या आमच्यासारख्यांना या दोन गुणांचं मोल फार आहे.

अडचण सुरू होते पहिल्या भिंतीपासून. स्वीट होममध्ये नवी भिंत ओढली की ती मुळात साडेसात सेंटिमीटर जाडीची आणि अडीच मीटर उंचीची येते. आमच्या बाहेरच्या भिंती नऊ इंची विटेच्या, आतल्या सहा किंवा चार इंची, आणि स्लॅब दहा फुटांवर. अमेरिकन घरांसाठी बनलेल्या काही सॉफ्टवेअरांत तर भिंतींचा चौकोन पुरा झाला की वर आपोआप उतरतं छप्पर चढतं आणि भिंतीच्या पोटात लाकडी सांगाडा गृहीत धरलेला असतो. तयार वस्तूंच्या यादीत सोफा, बाथटब, ओव्हन, पियानोसुद्धा मिळतो. चूल, मोरी, कणगी, तुळशीचा कट्टा मिळत नाही. ज्यांनी ही सॉफ्टवेअरं बनवली त्यांनी आपापल्या मुलखातलं घर डोळ्यांपुढं ठेवलं, हे साहजिकच आहे. आपलं घर त्यात बसवायचं तर आपल्यालाच बसवावं लागतं, आणि तिथं मदत लागते.

माझी एक वर्गमैत्रीण पुण्यात आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते. ती तिचं ऑफिस सुटल्यावर एनीडेस्क लावून माझ्या स्क्रीनवर यायची. मी पहिल्यांदा तिला विचारलं ते असं : सपाट छप्पर कसं करायचं? मला वाटलं होतं, ती मेनूतलं बटण सांगेल आणि दोन मिनिटांत काम होईल. तिनं उलट मलाच विचारलं, “गच्चीवर कोण जाणार आहे?” मी म्हटलं, सगळेच जातात. तूर निवडायला, डाळ वाळवायला, उन्हाळ्यात झोपायला. “मग जिना घरातून की बाहेरून? वाळवण वर न्यायचं तर पोतं खांद्यावर घेऊन माणूस वळणार कुठं? पॅरापेट किती उंच? पावसाचं पाणी कुठल्या कोपऱ्यात उतरणार?” या प्रश्नांची उत्तरं ठरेपर्यंत तिनं मला माऊसला हात लावू दिला नाही. उत्तरं ठरली आणि छप्पर म्हणजे फक्त दुसरा मजला निघाला : वर एक नवी पातळी घ्यायची, तिच्यावर खोलीचा पृष्ठभाग काढायचा, कडेनं साडेतीन फुटी भिंती ओढायच्या आणि जिन्याच्या वर मुमटी. बटण अगदी किरकोळ होतं.

तेव्हापासून मी मदत मागण्याची तऱ्हाच बदलली. ‘हे कसं करायचं’ असं विचारण्याऐवजी ‘मला इथं असं घर उभं करायचंय, त्यात हे असं अडतंय’ असं सांगते, सोबत फाईल पाठवते. जागेचं माप, रस्ता कुठल्या बाजूला, घरात किती माणसं, जनावरं आहेत का, सगळं आधी लिहिते. ज्यांना सॉफ्टवेअर येतं पण मैंदर्गी माहीत नाही, अशा माणसांकडूनसुद्धा मग उपयोगी उत्तर येतं. फाईल न पाठवता नुसता स्क्रीनचा फोटो पाठवला तर समोरचा अंदाजानं सांगतो, आणि अंदाजानं काढलेलं घर अंदाजाचंच होतं.

चिठ्ठीतल्या आयेचा प्रश्न मात्र पुण्याची मैत्रीण सोडवू शकली नाही. तो सोडवला आमच्या मेस्त्रीमामांनी. इकडं घरातल्या खोलीची आतली लांबी-रुंदी घेऊन हिशेब मांडतात, आठानं भागतात आणि बाकी काय उरते त्यावरून आय ठरते. एक उरला तर ध्वज, तीन उरले तर सिंह, पाच वृषभ, सात गज. या चांगल्या मानतात. सम बाकी नको असते. मानायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. घर ज्याचं आहे त्याच्या श्रद्धेचं माप आणि माझ्या नकाशातलं माप एक यावं, एवढं माझं काम. अडचण ही की सॉफ्टवेअरमध्ये भिंत ओढताना टाकलेली लांबी भिंतीच्या मध्यरेषेवर मोजली जाते. चिठ्ठीत दहा फूट लिहिलेलं असेल आणि मध्यरेषेला दहा फूट टाकले, तर नऊ इंची भिंतींमध्ये आतलं माप नऊ फूट तीन इंच उरतं. गिलावा धरला की आणखी इंचभर गेलं. त्यात आयही गेली आणि पलंगाशेजारची चालायची जागाही गेली.

मामा स्क्रीनजवळ आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “आम्ही सुतळी आतल्या तोंडाला धरतो.” म्हणजे जागेवर लाईन-आऊट टाकताना ते फक्की मारतात ती भिंतीच्या दोन्ही तोंडांची, आणि खोलीचं माप आतल्या तोंडापासून आतल्या तोंडापर्यंत राखतात. मग मीही उलट चालू लागले. आधी चिठ्ठीतल्या आतल्या मापांचे चौकोन खोल्या म्हणून काढायचे, त्यांच्यामध्ये भिंतीच्या जाडीएवढी फट सोडायची, आणि त्या फटीच्या मधोमध भिंत ओढायची. आतलं माप हललं नाही. एकक फूट-इंचात ठेवलं तर हे सॉफ्टवेअर इंचाच्या आठव्या भागापर्यंत माप दाखवतं, म्हणजे बरोबर एक सूत. मामांनी ते पाहिलं आणि टेप काढून ऑफिसातलं टेबल मोजलं, मग मला तेच टेबल स्क्रीनवर काढायला लावलं. आकडे जुळले. त्या दिवसापासून ते माझ्या प्रिंटवर जागेवर काम करतात. त्याआधी ते फक्त चिठ्ठीवर करायचे. परवानगीच्या नकाशाला मीटर लागतात, जागेवर फूट-इंच-सूत, त्यामुळं मी प्रत्येक घराचे दोन कागद देते. मेस्त्रीच्या कागदावर मीटर लिहून त्याला हिशेब करायला लावू नये, चूक तिथंच घुसते.

आता त्या स्वयंपाकघराबद्दल सांगते, कारण या सगळ्या कामात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते तिथं घडलं.

एका घराचा नकाशा पक्का होत आला होता. घरचे कर्ते पुरुष दोनदा येऊन बघून गेले होते. हॉल मोठा हवा, पोर्चला दोन खांब हवेत, एवढंच त्यांचं म्हणणं. स्वयंपाकघराविषयी त्यांनी सांगितलं, “ते तुम्ही ठरवा.” मी म्हटलं, घरातल्या बायकांना पाठवा. दुसऱ्या दिवशी घरातल्या सासूबाई, अव्वा, आल्या, सोबत सून. अव्वांची उंची चार फूट दहा इंच, सून त्यांच्याहून तीनेक बोटं उंच. बोलणं कानडीतच चाललं होतं.

या सॉफ्टवेअरमध्ये घरातून फिरता येतं. नकाशावर एक माणसाची आकृती असते, ती हलवली की तिच्या डोळ्यांना जे दिसेल ते खालच्या खिडकीत दिसतं. मी त्यांना हॉलमधून आत नेलं, ओट्यापाशी उभं केलं. खिडकीतून मागचं अंगण, गोठा, लिंबाचं झाड दिसत होतं. चांगलं आहे, असं सून म्हणाली. अव्वा गप्प होत्या. मैत्रिणीनं मला एकदा सांगून ठेवलं होतं, आणि ते मला आत्ता आठवलं : “त्या आकृतीच्या डोळ्यांची उंची बदलता येते. कोणासाठी बघतेयस त्याची उंची टाक.” मुळात ती आकृती उंच पुरुषाची असते. मी अव्वांना भिंतीला टेकवून उभं केलं, त्यांच्या डोळ्यांपर्यंतचं माप घेतलं. चार फूट साडेपाच इंच. तेवढं टाकलं. खिडकीतलं अंगण गेलं. गोठा गेला, झाडाचा बुंधा गेला. फक्त आभाळ राहिलं.

खिडकीचा तळ मी साडेचार फुटांवर ठेवला होता. ओट्याच्या वर मिक्सर आणि डब्यांची फळी बसावी म्हणून तसं सगळेच ठेवतात. अव्वा स्क्रीनकडे बोट करून म्हणाल्या, “म्हैस दिसत नाही.” मग त्या बोलायला लागल्या ते थांबल्याच नाहीत. वाळवण घातलेलं असतं, शेळी येते, पोरं पाण्याच्या टाकीपाशी जातात. ओट्यापाशी उभं राहून हे दिसलं नाही तर दर दोन मिनिटांनी हात पुसून बाहेर यावं लागतं. आणि भाकरी? ज्वारीच्या कडक भाकऱ्या पंधरा-वीस एका बैठकीत करायच्या, त्या उभ्यानं गॅसवर नाही होत. बसून थापायची जागा कुठं आहे? चूल कुठं? सरपण कुठं? धूर कुठं जाणार? सून हळूच म्हणाली, धुणं-भांड्याची मोरी पश्चिमेला आहे, संध्याकाळी तिथं उभं राहवत नाही.

आम्ही तिथंच बदल केले. खिडकीचा तळ साडेतीन फुटांवर आणला, डब्यांची फळी शेजारच्या भिंतीवर नेली. मागच्या दाराबाहेर सहा फुटी पडवी काढली. तयार वस्तूंत चूल नव्हती, म्हणून दोन फूट बाय दीड फूट, नऊ इंच उंच असा एक साधा ठोकळा घेतला, मातीचा रंग दिला आणि त्याला ‘चूल’ असं नाव दिलं. तिच्यापुढं पाट ठेवला. डोळ्यांची उंची पुन्हा बदलली, या वेळी बसलेल्या माणसाची, अडीच फूट. अव्वा वाकून बघत राहिल्या. पडवीच्या कट्ट्यामुळं त्यांना पुन्हा अंगण दिसेना. कट्टा एका वितीनं खाली घेतला. दिसलं. घराचं बजेट या सगळ्यात फारसं वाढलं नाही. वाढलं ते पडवीच्या पत्र्याचं, तेवढं कर्त्या पुरुषांनी कबूल केलं.

तेव्हापासून माझा नियम आहे : घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती येऊन आपल्या उंचीनं बघून गेल्याशिवाय मी अंतिम प्रिंट देत नाही. काहींना राग येतो, उशीर होतो म्हणून. तो उशीर मला मान्य आहे. घर चाळीस-पन्नास वर्षं उभं राहणार असतं.

सुनेनं पश्चिमेचं जे सांगितलं, त्याचंही उत्तर सॉफ्टवेअरमध्ये होतं. नकाशावरच्या होकायंत्रात गावाचे अक्षांश-रेखांश टाकता येतात आणि चांगल्या दर्जाचं चित्र काढताना तारीख-वेळ देता येते. मैंदर्गी साडेसतरा उत्तर अक्षांशाच्या आसपास. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य इथं अगदी डोक्यावर येतो, आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या थोडा उत्तरेलाच असतो. ‘दक्षिणेचं ऊन’ एवढंच ऐकलेल्या माणसाला हे नवं वाटतं. मे महिन्यातली संध्याकाळी पाचची वेळ टाकली की पश्चिमेच्या खिडकीतून ऊन खोलीच्या पार दुसऱ्या भिंतीपर्यंत जाताना दिसतं, आणि दोन फुटी छज्जा तिथं काही कामाचा नाही हेही दिसतं, कारण ऊन तिरपं येतं. पश्चिमेला जिना, कोठी अशा जागा घ्याव्यात, नाहीतर व्हरांडा आणि झाड. त्या घरात आम्ही जिना पश्चिमेला नेला आणि मोरी उत्तरेला. डोक्यावरच्या उन्हासाठी मात्र चित्राचा उपयोग नाही. स्लॅब तापणारच. त्यावर चुना किंवा पांढरा चायना मोझॅक घालायला मी प्रत्येकाला सांगते. माळवदाच्या मातीनं जे काम केलं ते चार-पाच इंची स्लॅब करत नाही.

पण माळवदाची आठवण काढताना एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत आहे. दगड-मातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं, हजारो माणसं गेली. आमच्या भागातल्या वडीलधाऱ्या मंडळींना ती पहाट अजून आठवते. आरसीसी घराची ओढ नुसती हौस म्हणून नाही, त्यामागं ती भीतीही आहे, आणि ती रास्त आहे.

म्हणूनच या सॉफ्टवेअरची एक मर्यादा मी पहिल्याच भेटीत सांगते. ते कशालाही नाही म्हणत नाही. खाली हॉल मोकळा ठेवा आणि वरच्या मजल्यावर त्याच्या मधोमध नऊ इंची भिंत ओढा, ते आनंदानं ओढू देतं, रंग देतं, सावली पाडून दाखवतं. एकदा एका ओळखीच्यांनी बाहेरून विकत आणलेलं सुंदर थ्रीडी मामांना दाखवलं. मामांनी ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “ही वरची भिंत कशावर बसलीय?” खाली ना बीम होतं ना कॉलम. चित्र काढणाऱ्यानं तो विचारच केला नव्हता.

आणि जमिनीखाली काय आहे हे तर कुठलंच घर-डिझाइनचं सॉफ्टवेअर विचारत नाही. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेला नाही, प्लिंथला बीम फिरवलं नाही, तर तीन-चार वर्षांत भिंतींना कोपऱ्यातून तिरप्या चिरा जातात. त्यासाठी खड्डा घेऊन बघावं लागतं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं डिझाइन लागतं. हा भाग भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये धरला जातो. म्हणजे कॉलमच्या रिंगा सांध्याजवळ जवळ-जवळ बांधल्या पाहिजेत आणि रिंगांचे हूक १३५ अंशांत आत वळवले पाहिजेत, काटकोनात सोडून देता कामा नयेत. थ्रीडीत रिंग दिसत नाही. कॉंक्रीट ओतल्यावर जागेवरही दिसत नाही. म्हणून कॉंक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी जाऊन बघायचं, याला पर्याय नाही.

नियम बदलल्यापासून ही जबाबदारी वाढली आहे. राज्यासाठीची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. तिच्यानुसार १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला पूर्वीसारखी परवानगीची वाट बघावी लागत नाही. परवानाधारक अभियंत्यानं किंवा आर्किटेक्टनं सही केलेला नियमात बसणारा नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती पुरते. छोट्या गावातल्या माणसाला याचा मोठा दिलासा मिळाला, मी याच्या बाजूनं आहे. पण पूर्वी कचेरीतला एक डोळा तरी नकाशावरून फिरायचा. आता त्या सहीनंच सगळं बघायचं असतं. नकाशा काढणाऱ्यानं खिडकी किती, सामासिक अंतर किती, संडासाच्या टाकीपासून बोअर किती लांब, हे स्वतःहून बघितलं नाही तर दुसरं कोणी बघणार नाही.

घरकुलाच्या लाभार्थ्यांचं तर अधिकच. प्रधानमंत्री आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यात स्वतःच्या जागेवर बांधायच्या घराला ३० चौरस मीटर चटईक्षेत्राची मर्यादा होती. तीनशे वीस-पंचवीस चौरस फूट. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला रे नगरची कामगारांसाठीची ३० हजार घरांची वसाहत आखली गेली, तिथल्या पहिल्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. तिथं एक आराखडा हजारो वेळा उभा राहतो, त्यामुळं एका चांगल्या निर्णयाचा फायदा हजारो कुटुंबांना होतो. इथं मैंदर्गीत प्रत्येकाची जागा वेगळी, तोंड वेगळं, शेजाऱ्याची भिंत वेगळी. एवढ्या लहान घरात दाराची झडप कुठल्या बाजूला उघडते यावर पलंग बसणार की नाही ते ठरतं. अशा घराला थ्रीडीची गरज सर्वांत जास्त असते, आणि त्याचे पैसे देण्याची ऐपत सर्वांत कमी. मी घरकुलाच्या थ्रीडीचे पैसे घेत नाही. त्यात मोठेपणा काही नाही. एकदा मांडणी तयार झाली की तासाभराचं काम असतं.

आता शिकणारी मुलंमुली माझ्याकडं येतात. कोणी आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल करतंय, कोणी सोलापूरला डिप्लोमा. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी घर काढलेलं असतं, अडलेलं असतं, आणि प्रश्न तोच असतो जो मी मैत्रिणीला विचारला होता : हे कसं करायचं? मी बटण सांगत नाही. विचारते, कोणाचं घर आहे? बरेचदा उत्तर येतं, कोणाचंच नाही, असंच सरावाला काढलंय. मग मी सांगते, आजीचं घर काढ. जुन्या माळवदाचं माप घेऊन ये, बळद किती खोल आहे, देवळी किती उंचीवर आहे, दाराच्या चौकटीला डोकं लागतं का, सगळं. टेप घेऊन स्वतःचं घर मोजलेल्या मुलाला सॉफ्टवेअर पटकन येतं, कारण प्रत्येक आकड्यामागं त्याला काहीतरी दिसत असतं. एका मुलीनं आजीचं घर काढताना मराठी नावं टाकली आणि ऑटोकॅडमध्ये सगळीकडे प्रश्नचिन्हं उमटली. ते मात्र मी सरळ सांगितलं : जुने एसएचएक्स फॉन्ट देवनागरी दाखवत नाहीत, स्टाइलमध्ये जाऊन मंगलसारखा युनिकोड ट्रूटाइप फॉन्ट घे. काही प्रश्न खरोखर बटणाचेच असतात. त्यांना लगेच उत्तर द्यावं.

हे काम करणाऱ्या सगळ्यांना, अक्कलकोट, दुधनी, बार्शी, उमरगा, कुठंही असाल, माझी एक विनंती आहे. आपल्या भागाच्या घराची एक कोरी फाईल तयार करून ठेवा. भिंत नऊ इंचाची, स्लॅब दहा फुटांवर, एकक फूट-इंचात, होकायंत्रात आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश, फिरणाऱ्या आकृतीची उंची पाच फूट, आणि वस्तूंच्या यादीत चूल, मोरी, कणगी, तुळशीचा कट्टा, जनावराची दावण. तिच्यासोबत मराठीत दोन पानं लिहा, कुठला आकडा का ठेवला ते. शेजारच्या गावातलं पोर तुमच्याकडं मदत मागायला येईल तेव्हा ती फाईल त्याच्या हाती द्या, म्हणजे त्याला साडेसात सेंटिमीटरच्या भिंतीपासून सुरुवात करावी लागणार नाही. माझी फाईल तयार आहे. पेनड्राइव्ह घेऊन या, देते.